जुलैमध्ये पहिलं बाळ, हातात येतात १७ हजार. काय घ्यायचं आणि काय नाही?

रानजाई | १४ मे, रात्री ११:२०

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला सातवा चालू आहे, तारीख २६ जुलैची दिलीय. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला राहतो, वन आरके, भाडं ६५००. मिस्टर तळवड्याला एका छोट्या कंपनीत आहेत, दीड वर्ष झालं. पगार २०,४०० पण सगळं कापून हातात १७ हजार आठशे येतात. त्यातून गाडीचा हप्ता २९००, सासरी गावाला २००० पाठवतो, मग गॅस, लाईट, किराणा. मी एका क्लासच्या ऑफिसमध्ये कामाला होते पण गाडीवर जायला यायला डॉक्टर नको म्हणाल्या म्हणून पाचव्यातच सोडलं. शिल्लक ३१ हजार आहे, बस.

तर मी काय केलं, दुपारी वेळ असतो म्हणून यूट्यूबवर ते 'बाळ येण्याआधी काय काय घ्यावं' वाले व्हिडिओ बघत बसले आणि वहीत यादी केली. कॉट ७५००, स्ट्रोलर ६०००, स्टरिलायझर आणि बाटली गरम करायचं मशीन मिळून ४५००, कॅरियर २०००, डायपर बॅग १२००, साबण शांपू लोशन पावडरचा सेट १४००, कपडे ५०००. बेरीज केली आणि वही मिटून ठेवली. २७,६०० होतात हो! मिस्टर म्हणतात बिनव्याजी हप्त्यावर घेऊ, होऊन जाईल, आणि जाऊबाई म्हणतात पहिलं बाळ आहे, हौस नको का करायला. मला रात्री झोप लागत नाही.

त्यात डिलिव्हरीचं. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये चौकशी केली तर नॉर्मलला ४५ आणि सिझर झालं तर ८५ हजार म्हणाले, आणि बाळाला पेटीत ठेवायला लागलं तर ते वेगळं. आई म्हणते माहेरी ये, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. माहेर बार्शीकडे आहे, पण भावाच्या लग्नाचं कर्ज अजून फिटलेलं नाहीये, तिच्यावर किती टाकायचं.

कृपया 'बाळ आपलं नशीब घेऊन येतं' असं नका लिहू, ते सासूबाई रोज म्हणतात :) मला नक्की काय घ्यायचं, काय नाही आणि महिन्याला किती धरायचे ते सांगा. आणि हो, कुणी कमी पैशात केलं असेल तर खरं खरं सांगा.

---

वाटीचमचा | १५ मे, सकाळी ७:०५

अगं आधी ती वही फाडून टाक. मी साताऱ्याची, वय ६३, दोन मुलं आणि तीन नातवंडं माझ्या हातून न्हाऊन निघालीत. तुझ्या यादीतलं एकही पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही, कपडे सोडले तर, आणि ते पण पाच हजाराचे नाहीत.

लंगोट विकत आणू नकोस. घरात कुणाची तरी जुनी सुती नऊवारी असेल, सासूची, आजीची, नेसून नेसून मऊ झालेली. तिचे साधारण हातभर लांब रुंद चौकोन फाड (कापू नको, फाड, सरळ जातं), मग कोपऱ्यातून दुमडून त्रिकोण, दुहेरी शिव, दोन टोकांना नाड्या लाव. एका नऊवारीत तीसेक दुहेरी लंगोट होतात. मी मोजून सांगतेय, थोरल्या नातीच्या वेळी ३१ झाले होते आणि उरलेल्या काठाची दुपट्याला किनार लावली. पाचवारी असेल तर १८-२० होतील. पॉलिस्टर मात्र अजिबात नको, ते ओलं धरत नाही आणि बाळाला पुरळ येतं.

झबली बाजारातून घे, पण ५-६ च आणि तीही एक मोठी साईज. पहिल्या महिन्याचे कपडे तिसऱ्या आठवड्यातच तंग होतात, शिवाय लोक बाळंतविडा आणतात त्यात झबलं टोपरं असतंच असतं. उलट तू आधीच सांगून ठेव, मावशीला आत्याला, की एकदम लहान साईज आणू नका, सहा महिन्यांचं आणा. लाजायचं नाही त्यात.

साबण एक, तोही साधा. पावडर नकोच, नाकातोंडात जाते. काजळही नको, आमच्या वेळी घालायचे आम्ही पण आता डॉक्टर नको म्हणतात त्यात शिसं असतं काही काही वेळा. तेल खोबऱ्याचं. रबरी शीट मीटरवर मिळते मेडिकलमध्ये, ती घे दीड मीटर. मऊ दुपटी चार, गोधडी आईकडून येईलच.

पाळण्याचं म्हणशील तर साडीची झोळी बांधतात पण हुक बघून घे गं. भाड्याच्या खोलीत स्लॅबला हुक असतो तो पंख्याचा असतो, तो कुणी कधी ओढून बघितलेला नसतो. त्यापेक्षा बाळ शेजारी जमिनीवर गादीवर, त्याची गादी कडक, उशी नको, वर छत्रीसारखी मच्छरदाणी. ती तीनशे-साडेतीनशेला येते.

---

भाकरतुकडा | १५ मे, सकाळी १०:४४

काकूंच्या यादीला शंभर मार्क पण एक विचारू का, तारीख २६ जुलै आहे ना, म्हणजे ऐन आषाढ-श्रावण. लंगोट वाळणार कुठे?? आमच्याकडे चिंचवडमध्ये पाणी दिवसाआड येतं, चिखलीला पण तेच असणार, २०१९ पासून हे असंच चालू आहे. माझी मुलगी ऑगस्टची. पहिल्या महिन्यात बाळ दिवसाला १२-१५ वेळा ओलं करतं, मी खोलीत तीन दोऱ्या बांधल्या होत्या आणि सगळ्या घराला तो वास, आणि ते धुणार कोण तर मीच, टाके ओले असताना. सासूबाई व्हिडिओ कॉलवर सांगायच्या डायपर नका लावू हो. तुम्ही येऊन धुता का असं मी म्हटलं नाही, पण ओठावर आलं होतं.

त्यामुळे माझं मत, सुती आणि डायपर दोन्ही ठेवा. दिवसा लंगोट, रात्री एक डायपर आणि दवाखान्यात वगैरे जाताना एक. छोटा डायपर ८ ते १० रुपयाला पडतो, रोज एक धरला तर महिन्याला ३०० रुपये. पूर्ण दिवस डायपरवर ठेवलं तर दोन-अडीच हजार जातात, ते नाही परवडणार. पण त्या ३०० रुपयांत आईला सलग तीन तास झोप मिळते, ती काही चैन नाही.

आणि मोठं पाकीट एकदम घेऊन ठेवू नका ऑफरमध्ये. माझी नवजात साईजची ४० उरली, शेजारणीला दिली.

---

वाटीचमचा | १५ मे, दुपारी १:३०

भाकरतुकडा, बरोबर आहे तुझं, पाणी मी धरलंच नव्हतं, आमच्याकडे विहीर होती. पावसात आम्ही ओसरीवर शेगडीत निखारे ठेवून वर डालगं पालथं घालायचो आणि त्यावर लंगोट पसरायचो, अर्ध्या तासात कडकडीत. पण ते उघड्या ओसरीवर, बंद खोलीत शेगडी लावू नये कधीच, तेव्हा आताच्या मुलींनी इस्त्री फिरवावी. रात्रीचं डायपर मान्य.

---

माळ्यावरचा | १५ मे, दुपारी ३:१२

ताई, सगळे लंगोटावर बोलतायत पण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुणी वाचलीच नाही असं दिसतंय. पगार २०,४०० आणि 'सगळं कापून'. काय काय कापतात? मिस्टरांची पगाराची स्लिप उघडून बघा, त्यात ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) म्हणून एक ओळ असेल आणि समोर १५३ रुपये. असणारच, कारण २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि कंपनीत १० किंवा जास्त माणसं असतील तर ते बंधनकारक असतं. कामगाराचे पाऊण टक्का, म्हणजे २०,४०० चे १५३, आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ६६३. दर महिन्याला ८१६ रुपये तुमच्या नावाने भरले जातायत, दीड वर्षाचे झाले साडेचौदा हजार.

आणि त्या पैशात बायकोची डिलिव्हरी बसते. नॉर्मल असो सिझर असो, औषधं, सोनोग्राफी, ब्लड, बाळ आजारी पडलं तर बाळ, सगळं. वेगळं पॅकेज बिकेज काही नाही. मोहननगर चिंचवडला ईएसआयसीचं मोठं हॉस्पिटल आहे, चिखलीहून तुम्हाला काही लांब नाही.

आता मी एवढं ठासून का सांगतोय तर मी स्वतः गाढवपणा केलाय. तेव्हा माझा पगार १९ हजार होता, स्लिपवर कट दिसायचा, मी समजायचो हा पण पीएफसारखाच काहीतरी प्रकार आहे. पहिल्या पोराच्या वेळी एका खाजगी हॉस्पिटलात ७२ हजार भरले, त्यातले ४० मित्राकडून. दुसऱ्याच्या वेळी लाईनवरचा एक जुना माणूस म्हणाला, अरे कार्ड काढलंस का रे. कार्ड! मला माहीतच नव्हतं कार्ड असतं ते. दुसऱ्या वेळी माझ्या खिशातून गेले ते रिक्षा आणि चहाचे.

उद्याच्या उद्या करायचं ते असं. एचआरकडून मिस्टरांचा विमा नंबर घ्या, १० आकडी असतो. ईएसआयसीच्या साईटवर किंवा एचआरकडून बघा की कुटुंबाच्या तपशिलात तुमचं नाव, आधार, फोटो आहे का. बहुतेक नसणार, कारण कंपनीवाले जॉइनिंगच्या वेळी एकट्याचं भरून मोकळे होतात. ते भरून घ्या, ई-पहचान कार्डाची प्रिंट काढा, जवळचा त्यांचा दवाखाना कुठला लावलाय ते बघा, आणि आत्ताच सातव्यातच तिथे नाव नोंदवून तपासणी चालू करा. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा कार्ड घेऊन गेलात तर त्यांनाही तुमची काही माहिती नसते.

गर्दी असते, ओपीडीला सकाळी ८ ला जाऊन बसावं लागतं, कुणी 'मॅडम बसा' म्हणत नाही. पण ८५ हजार वाचतात हो.

---

रानजाई | १५ मे, संध्याकाळी ६:५०

दादा मी आत्ता मिस्टरांना स्लिपचा फोटो पाठवायला लावला. ई एस आय १५३. बरोब्बर १५३ आहे!! मी दोनदा वाचलं. त्यांना विचारलं हे काय तर म्हणाले 'ते कापतात काहीतरी, सगळ्यांचंच कापतात'.

डोळ्यात पाणी आलं खरंच. उद्या सुट्टी टाकून एचआरला भेटतायत.

भाकरतुकडा ताई, हो, दिवसाआड पाणी. माझ्याकडे २०० लिटरचा ड्रम आहे एक.

---

कडूनिंब | १५ मे, रात्री ९:२५

मी एएनएम (सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स) आहे, सोलापूर जिल्ह्यात. अकरा वर्षं झाली. थोडं लांबेल, पण सगळं एकाच ठिकाणी लिहिते.

ताई तुमचं अंगणवाडीत किंवा आशाताईकडे नाव नोंदवलंय का? ते माता बाल संरक्षण कार्ड मिळालं असेल तर ठीक, नसेल तर या आठवड्यात. त्याच्यावरच पुढचं सगळं चालतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० मिळतात, नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३०००, आणि बाळाची जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २०००. घरात सरकारी नोकरी हवी असं काही नाही, उलट आईला स्वतःला सरकारी नोकरी असली तर मिळत नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तो दाखला चालतो, किंवा ई-श्रम कार्ड, किंवा रेशनचं कार्ड. पैसे आईच्याच खात्यात येतात आणि खातं आधारला जोडलेलं लागतं. इथेच निम्म्या बायकांचे अडकतात, खातं माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं. ते आत्ता बघून घ्या.

माहेरी जायचं ठरलं तरी काळजी नको. सरकारी रुग्णालयात बाळंतपण पूर्ण फुकट असतं, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी. ती १०२ ची. २०११ पासून आहे हे आणि त्याला रेशनकार्ड पिवळं की केशरी की पांढरं असं काही विचारत नाहीत. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचंही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांना डॉक्टर तपासतात, तेव्हा एकदा जाऊन या. फक्त एवढं लक्षात ठेवा की जन्माचा दाखला जिथे बाळ जन्मलं तिथलाच मिळतो. बार्शीला झालं तर बार्शीचा, मग नंतर पुण्याहून दाखल्यासाठी खेटे. २१ दिवसांच्या आत नोंद करा, फी नाही. नाव ठरलेलं नसेल तरी नोंद होते, नाव वर्षभरात घालता येतं.

आता लसी. यात लोक विनाकारण पैसे घालवतात. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, पेंटा (एका सुईत पाच लसी), जुलाबाची रोटा, न्युमोनियाची पीसीव्ही, गोवर रुबेला, सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे. पीसीव्ही बाहेर महाग आहे, पण २०२१ पासून ती सरकारीत देशभर आली. बाहेर पेंटाऐवजी 'न दुखणारी' म्हणून जी देतात तिने ताप कमी येतो, एवढाच फरक आहे, रोग टाळायला आमची कमी पडत नाही. ताप येईल एक दिवस, मांडी सुजेल, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचे थेंब देऊ आम्ही आणि तुम्ही रात्रभर बाळाला घेऊन बसाल. कांजिण्या, गालगुंड, फ्लू हे आमच्या यादीत नाही, ते नंतर हातात पैसे असले तर डॉक्टरांना विचारून.

लेक लाडकी योजनेचं कुणीतरी विचारेलच. ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, मुलगी १८ ची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार. पण पिवळं किंवा केशरी कार्ड आणि उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, ताई तुमच्या पगारात ते बसणार नाही, उगाच आशेवर फॉर्म भरत फिरू नका.

---

जिऱ्याची_फोडणी | १५ मे, रात्री १०:१८

मला दुधाबद्दल लिहायचंय कारण सगळ्यात जास्त पैसे माझे तिथे गेले.

माझी डिलिव्हरी खाजगीत झाली, नाव नाही घेत. सिझर. पहिल्या रात्री दूध येत नाही म्हणून तिथल्या नर्सने सरळ बाटली दिली, डबा आणायला मिस्टरांना खाली मेडिकलमध्ये पाठवलं. आम्हाला वाटलं असंच असतं. बाळाला बाटलीची सवय लागली, ते अंगावर ओढेना, ओढेना म्हणून दूध वाढेना, आणि मग डब्यावर डबा. महिन्याला डब्यांचेच तीन हजार जायला लागले. आणि मी एक फार वाईट गोष्ट केली, चौथ्या महिन्यात पगार लेट झाला तेव्हा डबा पुरवायला पावडर कमी आणि पाणी जास्त घालायला लागले. दहा-बारा दिवस. वजन वाढलं नाही तेव्हा डॉक्टरांनी विचारलं आणि मला सांगायलाच लाज वाटली. कुणाला कधी सांगितलं नव्हतं हे.

---

कडूनिंब | १५ मे, रात्री १०:५५

सांगितलंत ते बरं केलंत, तुम्ही एकट्या नाही. आमच्याकडे असं करणाऱ्या निम्म्या बाया सांगतसुद्धा नाहीत.

रानजाई ताई, यातलं तुम्हाला एवढंच. बाळ झाल्यावर पहिल्या तासातच अंगावर घ्या, सिझर असलं तरी घेता येतं, सिस्टरला मागे लागून घ्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, पिवळसर, चमचाभर. तेवढाच त्याला पुरतो, पोट लिंबाएवढं असतं. तेव्हाच घरातले घाबरतात आणि डबा येतो. मधाचं बोट नाही, गुटी नाही, साखरपाणी नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. पुरतंय का हे कसं कळतं तर आठवडा झाल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू, आणि वजनाची रेघ कार्डावर वर जातेय. आजी म्हणाली 'दूध पातळ आहे' तर हसून सोडून द्या.

आणि खरंच डबा लागलाच, लागतो काहींना, तर डब्यावर लिहिलंय त्याच मापाने, आणि बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं. ते पातेल्यात दहा मिनिटं उकळलं की झालं, ४५०० चं मशीन कशाला. वर्षाच्या आत डब्याऐवजी गाईचं म्हशीचं दूधही लावू नका. इथे पैसे वाचवायचे नाहीत, दुसरीकडे वाचवा.

---

भाकरतुकडा | १६ मे, सकाळी ११:३०

दुसरीकडे म्हणजे मालिशवाली :) पुण्यात आता बाळ-बाळंतिणीचे मिळून दिवसाला ३५० घेतात, ४० दिवसांचे १४ हजार. चौदा!! वर साडी. माझ्याकडे आली ती बाळाला फडक्यासारखी पिळायची आणि धुरी करून खोली भरून टाकायची, सातव्या दिवशी बाळाला खोकला. बंद केलं. मग नवऱ्याला शिकवलं, पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर, कोमट खोबरेल, हळू हात. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, पंधराव्या दिवशी मलाच सांगायला लागला की तू चुकीचं चोळतेयस.

बारशाला पण हॉल नका घेऊ. घरी पाळणा, घुगऱ्या, बायका, झालं.

---

फुकटचंबू | १६ मे, दुपारी १२:०२

आणि मोबाईलवर तो प्रोफेशनल बेबी फोटोशूटचा ८ हजारांचा मेसेज येईल, ब्लॉक करा. टोपलीत झोपवून भोपळ्यासारखं फोटो काढतात.

---

माळ्यावरचा | १६ मे, दुपारी १:४०

महिन्याचा आकडा त्यांनी विचारलाय तो कुणीच दिला नाही. माझ्या दुसऱ्याच्या वेळचा माझा हिशेब वहीत आहे, पहिले सहा महिने सरासरी १४०० आली. त्यात रात्रीचे डायपर, धुण्याचा साबण पावडर (हा खर्च दुप्पट होतो बरं का), डॉक्टरांनी दिलेले डी व्हिटॅमिनचे थेंब, दोनदा सर्दीसाठी डॉक्टर, आणि बायकोसाठी जास्तीचं अर्धा लिटर दूध, शेंगदाणे, अळीव, खजूर. बाळंतिणीचं खाणं त्यात धरा, ते विसरतात सगळे. काजू-बदामाच्या डिंकाच्या लाडवात पैसे घालण्यापेक्षा अळीव-नारळ-गुळाचे करा, स्वस्त पडतात.

सहा महिन्यांनंतर बाळाचं वेगळं काही शिजवायचं नाही. नाचणीचं सत्व घरी करायचं, रात्रभर भिजत, मग फडक्यात बांधून मोड, सावलीत वाळवून जरासं भाजून दळायचं आणि मलमलच्या कपड्याने चाळायचं. किलोभर नाचणीत महिना-दीड महिना जातो. बाजारातला तयार डबा चार दिवसांत संपतो. बाकी आपलाच वरणभात मऊ करून, तूप घालून, वर्षापर्यंत मीठ साखर नाही.

आणि ३१ हजार शिल्लक आहे त्यातले २५ ला हात लावू नका. हप्त्यावर स्ट्रोलर घ्याल तर चिखलीच्या रस्त्यावर चालवणार कुठे ते आधी सांगा मला.

---

रानजाई | १९ ऑगस्ट, दुपारी ३:३५

खूप दिवसांनी आले. बाळ झोपलंय तोवर लिहून टाकते, मध्येच उठावं लागलं तर अर्धवट राहील.

मुलगी झाली, २३ जुलैला, नॉर्मल, २ किलो ८००. ईएसआयसीमध्येच केली. कुटुंबात माझं नाव नव्हतंच, दादा म्हणाले तसंच. एचआरच्या माणसाने अकरा दिवस फिरवलं, आज सर्व्हर डाऊन, उद्या साहेब नाहीत. शेवटी मिस्टर जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलासमोर डबा उघडून बसले, तुमचं होईपर्यंत इथेच जेवतो म्हणाले. त्या दिवशी झालं. आता लाईनवरच्या सहा जणांनी आपापल्या बायकांची नावं घालून घेतलीत, एकाचं तर लग्नच व्हायचंय अजून तो पण विचारत होता.

खर्च सांगते. रिक्षा, येणाऱ्या जाणाऱ्यांचा चहा नाश्ता, बाहेरून आणलेले दोन पॅड आणि थर्मास मिळून २१०० गेले. घरी रबरी शीट, मच्छरदाणी, सहा झबली, डायपरचं छोटं पाकीट, साबण, इस्त्री (आमच्याकडे नव्हती, सेकंड हॅण्ड ३०० ला घेतली) असे १९०० च्या आसपास. मातृवंदनाचे ३००० आले, माझं पण नावाचंच अडकलं होतं, कडूनिंब ताई तुमच्यामुळे आधी कळलं. आई चिखलीलाच येऊन राहिली महिनाभर, मी नाही गेले.

पहिल्या रात्री ती खूप रडली आणि शेजारच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या बाटली आणा. माझी आई पण उठली होती पर्स घेऊन. मी म्हटलं, पोट लिंबाएवढं असतं. आई म्हणाली तुला कुणी सांगितलं. सांगितलं एका ताईंनी म्हटलं.

नऊवारी सासूबाईंनी ट्रंकेतून काढली, त्यांच्या सासूची, जांभळी. आधी म्हणाल्या ही फाडायची? मग स्वतःच दातांनी टोक धरून फाडायला बसल्या. २८ झाले काकू, दोन-तीन ठिकाणी विरली होती. पाऊस आहेच, ड्रम पुरत नाही, रात्रीचं डायपर आहे. मालिश मिस्टर करतात, रविवारी आणि सेकंड शिफ्ट असेल तेव्हा. बाकी दिवशी मी.

आता एकच प्रश्न. काल जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी वॉकर आणलाय, चाकांचा, म्युझिकवाला, १८०० चा. हौसेने आणलाय, नको कसं म्हणू. तिला तर अजून मान पण धरता येत नाही. वॉकर खरंच वापरायचा असतो का नंतर?

---

कडूनिंब | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

अभिनंदन! वॉकर नको, त्याने चालायला लवकर येत नाही उलट उशीर होतो, आणि उंबऱ्यावरून उलटून डोक्याला लागलेली पोरं आम्ही दरवर्षी बघतो. सहा आठवडे ३ सप्टेंबरला भरतात, त्यानंतरच्या पहिल्या लसीकरणाच्या दिवशी पेंटा, पोलिओ, रोटा, पीसीव्हीला कार्ड घेऊन जा.

---

वाटीचमचा | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

२८ पण छान. अगं वॉकर घे, आभार मान, चहा पाज आणि जाऊबाई गेल्या की माळ्यावर टाक. पुढच्या वेळी विचारलं तर सांग डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. आम्ही घरातली अर्धी भांडणं त्या बिचाऱ्या डॉक्टरणीच्याच नावावर घातलीत.